सुरूच्या बनात तालीसपत्राची आठवण

केळव्याच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनात शिरले की क्षणभर हिमालयाचा भास होतो. तशीच हिरवी झालर, वाऱ्याचा तसाच घुमणारा नाद, पायाखाली खरखरीत फळे. वास्तविक सुरू हा सूचिपर्णी वृक्षच नव्हे. त्याची ‘सुई’ म्हणजे पेरे असलेली डहाळी. ती ओढली असता पेरापेरावर सुटते. खरी पाने त्या पेरांवर खवल्यांप्रमाणे असतात व भिंगाखालीच नीट दिसतात.

पालघर-बोईसरच्या रानात साग, खैर, मोह आहेत. देवदार, सरल, तालीस नाहीत. त्यामुळे आम्हा वैद्यांना हे सदाहरित वृक्ष भेटतात ते पोत्यातून.

तारापूर औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या कासाच्या रुग्णास आपण सहज तालीसादि चूर्ण देतो. चरकाचार्यांनी राजयक्ष्मा-चिकित्सेत सांगितलेला हा योग. यातील तालीसपत्र म्हणजे अॅबिस वेबियाना या वृक्षाचे पान, असा आयुर्वेदिक फार्माकोपियाचा निर्णय आहे. बाजारात मात्र याच नावाने टॅक्सस, म्हणजे थुनेर, याची पानेही विकली जातात. त्यांतील टॅक्सिन हृदयास घातक आहे. टॅक्ससच्याच एका अमेरिकी जातीच्या सालीतून मिळालेल्या पॅक्लिटॅक्सेलला १९९२ मध्ये कर्करोगावरील औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली, हे खरे; पण त्यावरून कासात थुनेरचे पान द्यावे असे सिद्ध होत नाही. शिवाय हिमालयातील थुनेर दुर्मिळ होत चालला असून १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

प्रचलित पाठानुसार या चूर्णाच्या ४८ भागांत तालीस केवळ १ भाग. एवढ्याने प्राणसंकट ओढवेल असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याच्या नावाने योग ओळखला जातो तेच द्रव्य त्यात नसेल, तर गुण आला वा न आला, अनुभव कोणाच्या नावे नोंदवायचा?

परीक्षा सोपी आहे. पाने कोमट पाण्यात भिजवावीत. अॅबिसच्या पानाचे टोक बहुधा किंचित दुभंगलेले असते, पाठीवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस पांढुरके पट्टे दिसतात आणि चुरडल्यावर राळेचा गंध येतो. थुनेरचे टोक अणकुचीदार, पट्टे फिकट पिवळसर-हिरवे; पानात राळेच्या नलिकाच नसल्याने तो गंध नाही.

एकदा आमच्याकडे आलेल्या पुड्यातील झाडून सारी पाने अणकुचीदार निघाली. व्यापाऱ्याने ती तक्रार न करता परत घेतली. मात्र पुढील खेपेस चूर्ण करूनच पाठवू का, असे विचारले.