घराचे छप्पर बदलताना : खर्चाचा अंदाज आणि कारागिराची निवड

कोकणातील शेतकऱ्याचे वर्षभराचे भात, पुढील हंगामाचे बियाणे, खताची पोती आणि पुष्कळदा गुरांचा पेंढादेखील राहत्या घराच्याच माळ्यावर किंवा पडवीत असतो. जून महिन्यात छप्पर गळू लागले तर होणारे नुकसान म्हणून घरातील माणसांच्या गैरसोयीपुरते राहत नाही. बियाण्यास दमटपणा लागून त्याची उगवण बिघडते, धान्यास बुरशी येते आणि पेंढा कुजतो. असे असूनही नव्या औताची किंवा पंपाची खरेदी करताना चार ठिकाणी चौकशी करणारा शेतकरी छपराचे काम मात्र मे महिन्याच्या अखेरीस, ढग दिसू लागल्यावर, मिळेल त्या कारागिराकडून आणि सांगेल त्या दराने उरकून घेतो. काही हजारांची दुरुस्ती काही लाखांची होते ती बहुधा या घाईमुळेच.

दिनांक ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत त्याने असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडविले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. पाऊस तोंडावर आलेला, कारागीर अपुरे आणि माल टंचाईचा, अशा स्थितीत अनेकांनी जुन्या वाशांवरच नवे पत्रे ठोकून घेतले. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता हे खरे. परंतु त्या तात्पुरत्या छपरांपैकी जी आजही तशीच आहेत, त्यांची तपासणी येत्या पावसाळ्यापूर्वी अवश्य करावयास हवी.

खर्च कौलांत नसून लाकडात असतो

छपराचा विचार करताना नजर प्रथम कौलांकडे जाते. वास्तविक चांगले भाजलेले मंगळुरी कौल दोन पिढ्या सहज टिकते. ते उतरवून, शेवाळ घासून, बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. खणखणीत वाजले तर ते पुन्हा घालण्यास योग्य. बद्द आवाज आला तर त्यात चीर आहे असे समजून बाजूस काढावे. आधी मोडतात त्या रिपा, आणि खऱ्या अर्थाने खर्चात पाडतात ते वासे. वाळवी किंवा भुंगा लागलेला वासा वरून धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ असतो.

म्हणून दर विचारण्यापूर्वी लाकूड तपासावे. त्यासाठी फार ज्ञान लागत नाही. वाशाची भिंतीवर टेकलेली टोके, वळचणीकडील भाग, आणि दोन पाखी जेथे मिळतात तेथील पन्हळीखालचे लाकूड ही तीन ठिकाणे पाहावीत. पाणी मुरते ते येथेच. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो काय ते ऐकावे आणि पटाशीचे टोक रोवून पाहावे. टोक सहज आत गेले तर ते लाकूड गेलेच. आढ्याच्या दोन टोकांना सुतळी ताणून बांधली म्हणजे आढे मध्ये किती वाकले आहे हेही लगेच कळते. घरात कोठे गळते हे मात्र पुरुषांपेक्षा घरातील स्त्रियांना अधिक नेमके ठाऊक असते, कारण पावसाळ्यात त्या जागी पातेले ठेवण्याचे काम त्यांचे असते. त्यांना विचारून गळतीच्या जागा खडूने जमिनीवर आखून घ्याव्यात आणि त्याच्या थोडे वरच्या बाजूस छपरात शोध घ्यावा. पाणी वाशावरून ओघळत खाली येऊन मग ठिबकते.

पडवी गळत असेल तर कौलांना दोष देण्याआधी तिचा उतार पाहावा. मंगळुरी कौलांना साधारणपणे दोन फुटांस एक फूट, म्हणजे सुमारे २६ अंश, इतका तरी उतार हवा. कोकणच्या पावसात ३० अंश अधिक बरा. मूळ घर उंच आणि पडवी नंतर वाढविलेली असली की तिचा उतार मंद होतो व वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे आत चढते. अशा पडवीवर दरवर्षी कौले बदलणे हा पैशाचा अपव्यय होय. तेवढ्या भागावर पत्रा घालणे शहाणपणाचे.

क्षेत्रफळाचा हिशेब

अंदाज करताना सर्वांत मोठी फसगत मोजमापात होते. समजा, घर ३० फूट लांब व २४ फूट रुंद असून दोन पाखी आहेत आणि चारही बाजूंस दोन फुटांची वळचण आहे. जमिनीवरील माप ३४ गुणिले २८, म्हणजे ९५२ चौरस फूट झाले. परंतु छप्पर तिरके असल्याने प्रत्यक्ष पृष्ठभाग यापेक्षा मोठा असतो. उतार ३० अंशांचा असेल तर जमिनीवरील मापास १.१५५ ने गुणावे. येथे ते सुमारे १,१०० चौरस फूट, अर्थात १०२ चौरस मीटर येते.

आता दोन कारागिरांनी दर सांगितले असे धरू. एकाचा दर चौरस फुटास ९० रुपये, दुसऱ्याचा ८० रुपये. हे आकडे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत. पहिला जमिनीवरील माप धरतो आणि दुसरा पाख्यावरील. पहिल्याचे ८५,६८० रुपये होतात व दुसऱ्याचे ८८,००० रुपये. कमी दराचा कारागीर येथे २,३२० रुपयांनी महाग पडला. त्यातच जुनी कौले उतरविणे, ती निवडून रचणे व मोडका माल बाहेर टाकणे हे एकाच्या दरात धरलेले आणि दुसऱ्याच्या दरात नसले, तर फरक आणखी वाढतो. माप कोणते आणि दरात काय काय आले, हे कळल्याशिवाय दोन दरांची तुलना करणे निरर्थक आहे. मजुरी व मालाचे दर वाजवी आहेत किंवा नाहीत हे पडताळण्यास सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचा उपयोग होतो.

दर चौरस मीटरला सुमारे १५ मंगळुरी कौले लागतात. वरील घरास १,५३० कौले व फुटतुटीसाठी थोडी अधिक, मिळून १,६०० धरावीत. आढ्यावरील कोन्याची कौले वेगळी मोजावीत. नवी व जुनी कौले एकत्र वापरावयाची असल्यास एका गोष्टीची काळजी घ्यावी. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकींत नीट बसत नाही. त्यामुळे एका पाख्यावर सर्व जुनी आणि दुसऱ्यावर सर्व नवी अशी वाटणी करावी. रिपांमधील अंतरही प्रत्यक्ष आणलेल्या कौलावरूनच ठरवावे. आधी रिपा मारून मग कौले आणणारा कारागीर मालकाला पुढे दर पावसाळ्यात आठवत राहतो.

पत्रा की कौल

एक मंगळुरी कौल सरासरी अडीच किलो धरले तर आपल्या नमुन्याच्या घरावर सुमारे ३,८०० किलो कौलांचा भार असतो, आणि पावसात भिजून तो आणखी काहीशे किलोंनी वाढतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा भार तेवढ्याच छपरावर अवघा ५०० किलोंच्या आसपास भरतो. वासे जुने आहेत, भार कमी करावा, म्हणून पत्रा घालावा असा सल्ला यावरूनच दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

वाऱ्याचा वेग ताशी १२० किलोमीटर असता त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलोंच्या भाराएवढा असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हा वारा छपरावरून वाहताना ते वर उचलू पाहतो, आणि वळचण, आढे व कोपरे येथे ही ओढ सर्वांत जास्त असते. कौलांचा भार दर चौरस मीटरला ३७ ते ३८ किलो असल्याने तो या ओढीस काही अंशी तरी तोंड देतो. पत्र्याचा भार जेमतेम ५ किलो. त्यामुळे पत्रा टिकतो तो केवळ त्याच्या बांधणीच्या जोरावर. पत्रा वाशांना पक्का, वासे भिंतीवरील आडव्या लाकडास पक्के आणि ते लाकूड चिऱ्याच्या भिंतीत लोखंडी पट्टीने जखडलेले, अशी साखळी असावी लागते. त्यातील एक कडी सैल असेल तर वादळात पत्र्याबरोबर वासेही जातात. साधे खिळे कालांतराने ढिले होऊन उपटून येतात. म्हणून रबरी वायसर असलेले स्क्रू किंवा आकड्याचे बोल्ट वापरावेत, ते पत्र्याच्या पन्हळीत न मारता माथ्यावर मारावेत आणि कडेच्या ओळींत मधल्यापेक्षा दाट घ्यावेत. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. पत्र्यांच्या उभ्या जोडाची उघडी कड त्या दिशेस येणार नाही अशी मांडणी करावी.

कौलांच्या छपरासही बांधणी लागतेच. मंगळुरी कौलाच्या खालच्या अंगास तार ओवण्यासाठी छिद्र असते. निदान वळचणीच्या व कडेच्या ओळी त्यातून तार घालून रिपेस बांधाव्यात. या तारेचा खर्च एकूण खर्चात दिसूनही येत नाही.

उन्हाळ्यात पत्र्याखाली माळा तापतो व तेथे ठेवलेल्या बियाण्यास ते मानवत नाही, हाही विचार करावा. ज्यांच्या घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांनी ते फोडून उतरवू नयेत. त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात व कर्करोगास कारण होऊ शकतात. पत्रे पाण्याने भिजवून, स्क्रू सोडवून, अखंड खाली घ्यावेत आणि त्यांचा चुरा अंगणात किंवा वाटेवर पसरू नये.

कारागीर कसा निवडावा

जो कारागीर अंगणात उभा राहूनच दर सांगतो त्यास काम देऊ नये. माळ्यावर चढून, दोन-चार कौले सरकवून लाकूड पाहतो आणि मगच बोलतो, त्याचा दर थोडा अधिक वाटला तरी तो परवडतो. पंचक्रोशीत त्याने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेली घरे पाहावीत. नुकतेच पूर्ण झालेले काम दाखविण्यात अर्थ नाही. नवे छप्पर सर्वांचेच देखणे दिसते.

काम रोजंदारीवर द्यावे की उक्ते? वासे किती बदलावे लागतील हे निश्चित ठाऊक असेल तर उक्ते काम सोयीचे. छप्पर उघडल्यावर काय निघेल याचा भरवसा नसेल तर कौले व रिपांचे काम उक्ते द्यावे आणि वाशांचा दर नगावर ठरवावा. अन्यथा कारागीर एक तर सगळे वासे गेले असे सांगतो, किंवा अंगावरचे काम परवडावे म्हणून कुजका वासा तसाच झाकतो.

ठरलेली बोली साध्या कागदावर का होईना, लिहून दोघांनी सही करावी. त्यात माप, मालाचा प्रकार व जाडी, लाकडाची जात, काम संपविण्याची तारीख आणि जुना माल कोणाचा, हे असावे. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, परंतु जुन्या घरातून निघणारे सागाचे किंवा शिवणीचे वासे टोके कापून पुन्हा गोठ्यास उपयोगी पडतात व विकले तरी चांगली किंमत येते. कागदावर नोंद नसल्यास हा माल ट्रकात भरला गेल्यानंतर वाद घालून उपयोग नसतो.

इसार म्हणून मालाच्या पहिल्या खेपेपुरतीच रक्कम द्यावी. पुढील रक्कम एकेक पाखे पूर्ण होईल तशी द्यावी. दोन्ही पाखी एकदम उघडू देऊ नयेत. अवकाळी पाऊस आल्यास घर वाचविता येत नाही. जुन्या कौलांखाली विंचू व क्वचित साप असतो, तेव्हा कौले उतरविताना मुलांना दूर ठेवावे. छपरावरून विजेची तार जात असल्यास महावितरणकडून पुरवठा आधी बंद करून घ्यावा. वादळाने नुकसान झालेले असल्यास मोडतोड हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा.

पैशाची तजवीज करताना पीककर्जाच्या रकमेस हात लावणे टाळावे. छपरावर गेलेला तो पैसा जुलैमध्ये खतासाठी लागतो आणि मग सावकाराकडे जावे लागते. सर्व छप्पर एका वर्षात करणे झेपत नसेल तर नैर्ऋत्येकडील पाखे, ज्यावर पावसाचा मारा अधिक बसतो, ते प्रथम करावे व दुसरे पुढील वर्षी. काम मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारागीर मोकळे असताना ठरवावे.

एकूण मजुरीचा काही भाग, दहावा हिस्सा म्हणा, पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. चांगला कारागीर यास नाही म्हणत नाही. त्या पावसात कारागिरास घरी बोलवावे, माळ्यावर दिवा घेऊन सोबत फिरावे, आणि आढे, पन्हळ व भिंतीलगतचे सांधे कोरडे दिसले म्हणजे उरलेली रक्कम त्याच्या हाती द्यावी. त्याच खेपेची पन्नास कौले मागील दारी भिंतीच्या आडोशास उभी रचून ठेवावीत. पाच वर्षांनी फुटलेल्या कौलाच्या जागी तेच नेमके बसेल.