दादाभाई नौरोजी : व्यापारी व ग्रंथकार

कोपरच्या शिवारालगतचा लोहमार्ग कल्याणपर्यंत १८५४ साली खुला झाला. पुढे घाट फोडून तो वर गेला व वऱ्हाड-खानदेशचा कापूस याच वाटेने मुंबई बंदरास उतरू लागला. असा हिंदी कापूस विलायतेत विकणाऱ्या पहिल्या हिंदी व्यापाऱ्यांत दादाभाई नौरोजी यांची गणना होते. देशाचे पुढारी म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या पेढीची आठवण मात्र क्वचितच निघते.

त्यांचा जन्म १८२५ साली मुंबईत झाला. वडील लवकर वारले. मातेने हाल सोसून मुलास शिकविले. दादाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले, आणि १८५५ साली ती मानाची जागा सोडून कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनास गेले. अफू व मद्य यांच्या व्यापाराचा नफा त्यांच्या मनास रुचेना. म्हणून ते त्या पेढीतून निघाले व १८५९ साली त्यांनी स्वतःची पेढी काढली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसास सोन्याचे मोल आले खरे. परंतु १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले व मुंबईची कित्येक घराणी धुळीस मिळाली.

व्यापाऱ्याचा हिशेब सरळ असतो. शंभर रुपयांचा माल परदेशी धाडला, तर शंभर रुपये व वर नफा, माल किंवा चांदी या रूपाने घरी परत यावयास हवा. दादाभाईंनी हीच कसोटी साऱ्या देशाच्या जमाखर्चास लावली, तो परत येणारी रक्कम तुटीची! गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने व लंडनमधील कारभाराचा खर्च यांत ती जिरत होती. सरकारी अहवालांतील पीकपाण्याचे आकडे मांडून त्यांनी दाखविले की, माणशी वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये पडते. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्चही बहुतेक प्रांतांत याहून अधिक होता! आणि हे आकडे सरकारचेच असल्यामुळे ते नाकारणे सरकारास जड गेले.

हे विवेचन १८७६ साली त्यांनी मुंबईच्या सभेत वाचले. १८९२ साली ते पार्लमेंटात निवडून गेले. १८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचे सभासद झाले, व त्याच मंडळापुढे साक्षीसही उभे राहिले. हे सारे लेखन १९०१ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाले. त्यात भाषेचा विलास नाही, पानोपानी कोष्टकेच आहेत, वाचक दमतो. ग्रंथ निघाला तेव्हा ग्रंथकाराने पंचाहत्तरी ओलांडलेली होती.