बंपरच्या मागे काय असते?

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी हे गाव आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. आज आपण या गावात एका अगदी साध्या कामासाठी जाऊ. समजा, तिथल्या एका अरुंद गल्लीत मोटार मागे घेताना ती उसाच्या लोखंडी ट्रॉलीवर आदळली. मागचा बंपर फाटला. मोठे वर्कशॉप शहरात, तेव्हा घरच्यांनी ठरवले की नवा बंपर आणून अंगणातच बसवायचा. पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि मदतीला आणखी एक माणूस असला की हे काम दोन-तीन तासांत होते. पण ते करताना एक गोष्ट पाहायची राहून गेली, तर नवा कोरा बंपर लावूनही गाडी धोक्याचीच राहते. ती गोष्ट कोणती?

पोत्याचा हिशेब

आधी धक्का म्हणजे काय ते पाहू. गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम आणि मागे येण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर धरा. हा आपल्या सावकाश चालण्याचा वेग. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. उत्तर येते ५०० ज्यूल. ५० किलोचे धान्याचे पोते १ मीटर उंचीवरून टाकले, तर जमिनीवर आदळताना त्याच्याजवळ जवळजवळ एवढीच ऊर्जा असते.

आता वेग दुप्पट करा. ऊर्जा चौपट, म्हणजे २००० ज्यूल होते. तेच पोते आता ४ मीटरवरून पडते. वेग तिप्पट झाला, तर ऊर्जा नऊपट! ताशी ११ किलोमीटरच्या आतला वेग, पण पोते मात्र ९ मीटरवरून, म्हणजे सुमारे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखे.

ही ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. ती किती अंतरात जिरते यावर बल ठरते. ५०० ज्यूल १ सेंटिमीटरमध्ये जिरवायचे, तर सरासरी बल ५०,००० न्यूटन येते. तेच ५ सेंटिमीटरमध्ये जिरवले, तर १०,००० न्यूटन पुरते. वेगाने आलेला क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता, त्याचे कारण हेच. बंपर म्हणजे गाडीचे मागे जाणारे हात होत.

लोखंडाकडून प्लॅस्टिककडे

जुन्या ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाडीला क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी बंपर असे. तो ठोकर खाऊन वाकला, की वाकलेला दिसे. १९७२ साली फ्रान्समध्ये आलेल्या रेनो ५ या गाडीने प्लॅस्टिकचे बंपर लावले आणि पुढे ही पद्धत जगभर रुळली. अमेरिकेने १९७३ च्या मॉडेलपासून नियम केला, की पुढून ताशी सुमारे ८ आणि मागून सुमारे ४ किलोमीटर वेगाने धक्का बसला, तरी दिवे व इतर सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत.

आज बहुतेक बंपरांचे आवरण पॉलिप्रॉपिलीन या बहुवारिकाचे असते. १९५४ साली इटलीतले रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी ते घन, स्फटिकी रूपात मिळवले. १९६३ साली त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होते, म्हणून त्यात एक प्रकारचे कृत्रिम रबर मिसळतात. कडकपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी घालतात. तुटलेल्या बंपरच्या आतल्या बाजूला या पदार्थांची आद्याक्षरे ठशात उमटवलेली दिसतील, ती शोधा.

काम कसे चालते?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढतात, चाकांच्या पुढे-मागे दगड लावतात आणि बॅटरीची ऋण तार सोडतात. मग चाकांच्या कमानीतले स्क्रू, डिकीच्या कडेखालचे आणि बंपरच्या तळाचे स्क्रू व क्लिपा काढतात. अनेक गाड्यांत मागचे दिवेही आधी काढावे लागतात. क्लिपेची मधली पिन उचलली, की ती सैल होते. ओढून काढली तर तुटते. शेवटी दोघांनी दोन्ही टोके धरून आवरण बाजूला सरकवत सोडवायचे. आत नंबरप्लेटच्या दिव्याच्या किंवा पार्किंग सेन्सरच्या तारा असतात. त्या सोडवल्याशिवाय हिसका देऊ नये.

नव्या बंपरची काही भोके गोल नसून लांबट आहेत, हे तुमच्या लक्षात येईल. ते कशासाठी? हिवाळ्याच्या पहाटे १५ अंशांवर असलेला बंपर एप्रिलच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. १.६ मीटर लांबीची पोलादी पट्टी एवढ्या फरकाने सुमारे १ मिलिमीटर वाढते. बंपरचे प्लॅस्टिक मात्र तिच्या ५ ते ७ पट वाढते. लांबट भोकांत त्याला सरकायला जागा मिळते. ती नसती, तर बंपर उन्हाळ्यात फुगला असता आणि थंडीत क्लिपा उपटल्या असत्या. म्हणून दिलेल्या क्लिपांऐवजी जाड स्क्रू पिळून आवरण जखडून टाकणे चूक आहे.

खरा बंपर

आवरण निघाले, की खरा बंपर दिसतो. अनेक गाड्यांत आधी फोमचा ठोकळा असतो. त्याच्या मागे आडवी पोलादी तुळई असते आणि ती गाडीच्या सांगाड्यातल्या दोन लांब पट्ट्यांना बोल्टांनी जोडलेली असते. हलका धक्का फोम दबून सोसतो, मोठा धक्का तुळई वाकून सोसते. काही गाड्यांत यांतला एखादा थर नसतो. तेव्हा आपल्या गाडीच्या माहितीपुस्तकाशी ताडून पाहावे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. प्लॅस्टिकचे आवरण लवचीक असते. धक्का बसला की ते दबते आणि पुष्कळदा पूर्ववत होते. पोलाद मात्र मर्यादेपलीकडे वाकले, की वाकलेलेच राहते. म्हणजे बाहेरून थोडासा ओरखडा आणि आत पिचलेली तुळई, असे सहज घडू शकते! जुना पोलादी बंपर आपली दुखापत दाखवत असे. नवा ती झाकतो. आवरण बदलले की गाडी पुन्हा नवी दिसते, पण वाकलेल्या तुळईने आपली ऊर्जा जिरवण्याची शक्ती खर्च केलेली असते. पुढच्या धक्क्याला ती तेवढी उपयोगी पडत नाही.

म्हणून नवे आवरण चढवण्याआधी दहा मिनिटे द्यावीत. तुळईवर घडी किंवा खोक आहे का? फोम चिरला आहे का? मापपट्टीने तुळईच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. मग डिकीच्या कडेपासूनची अंतरे मोजा. डावे-उजवे आकडे जुळले पाहिजेत. तुळई वाकली असेल, तर ती ठोकून किंवा तापवून सरळ करू नये. ठोकल्याने तडे जाऊ शकतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने उच्च बलाचे पोलाद मऊ पडते. तुळई नवीच बसवावी. आणि मागच्या लांब पट्ट्याच वाकल्या असतील, तर अंगणातले काम तिथेच थांबवून गाडी वर्कशॉपमध्ये न्यावी.

“पुन्हा असे नको” म्हणून काही जण मागे लोखंडी पाइपचा गार्ड लावून घेतात. वरचा हिशेब आठवा. न दबणारा गार्ड म्हणजे ५ सेंटिमीटरऐवजी १ सेंटिमीटर! बल वाढते, ते थेट सांगाड्यात जाते, आणि समोर सायकलस्वार असेल तर त्याला ते अधिकच लागते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांना लावलेल्या अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले, ते उगीच नव्हे.

करून पाहा

तुटलेल्या बंपरचा छोटा तुकडा पाण्यात टाका. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९, म्हणून ते तरंगते. शंखजिऱ्याची घनता मात्र २.७ च्या वर आहे. तुमचा तुकडा बुडाला, तर पाण्यात थोडे थोडे मीठ विरघळवत जा. किती मिठानंतर तो वर आला, याची नोंद ठेवा आणि त्यावरून तुकड्याची घनता काढा. दुसऱ्या गाडीच्या तुकड्याचे उत्तर वेगळे आले, तर त्याचे कारण काय असेल? वर्गात चर्चा करा.