उन्हाळ्याची दुपार आणि घरातले मूल

चैत्र सरून वैशाख लागला की सुरतेतील दुपार सामसूम होते. रस्ते ओस पडतात, गुरे भिंतीच्या सावलीला उभी राहतात आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘उन्हात जाऊ नकोस.’ वाक्य शहाणपणाचे आहे. परंतु ते अपुरे आहे. चार वर्षांच्या मुलाला कोठे जाऊ नये एवढेच सांगून भागत नाही. मग काय करावे हेही दाखवावे लागते. ते दाखविले नाही, तर आईचा डोळा लागताच मूल हळूच कडी काढून अंगणात जाते. म्हणून उन्हाळ्यातील घरबसल्या खेळांचा विषय केवळ करमणुकीचा नाही. घरात रमलेले मूल उन्हापासून वाचते, इतका त्याचा आरोग्याशी सरळ संबंध आहे.

सुरतेतील मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न विशेष बिकट रूपाने उभा राहतो. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी सुरत खानदेशाशी जोडली गेली. पुढे यंत्रमागांचा व्याप वाढला, तसतशी जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील माणसे कामासाठी येथे येऊन स्थिरावली. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत आजही मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. यांपैकी कित्येकांचे घर म्हणजे एक खोली आणि वर पत्रा. वडील मागावर रात्रपाळी करून आलेले, ते दिवसा झोपणार. आई साडीला लेस किंवा टिकल्या लावण्याचे घरकाम घेऊन बसलेली. अशा खोलीत मुलाने जरा गडबड केली, की ‘जा, बाहेर खेळ’ हे शब्द तोंडून निघून जातात. त्यात दोष कोणाचाच नसतो. परंतु बाहेर त्या वेळी ऊन आग ओकत असते.

येथे खानदेश आणि सुरत यांच्या उन्हाळ्यातील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. जळगाव-भुसावळकडे पारा अधिक चढतो, पण तेथील हवा कोरडी असते. आलेला घाम चटकन वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. वाळ्याचे पडदे भिजवून दाराला लावले की खोली गार होते, ती याच नियमाने. सुरतेला समुद्र जवळ आहे. येथील हवेत आधीच बाष्प असल्यामुळे घाम अंगावरच राहतो आणि भिजविलेला पडदाही गावाकडच्यासारखा गुण देत नाही. भारतीय हवामान खाते उष्णतेची लाट ठरविताना मैदानी प्रदेशासाठी निदान ४० अंश सेल्सिअस तापमानाची अट घालते, तर किनाऱ्यासाठी ३७ अंशांची; दमट हवेत कमी पाराही शरीरास जड जातो. ‘आमच्या गावी याहून कडक ऊन असते’ असे म्हणून निर्धास्त राहणे यास्तव बरे नव्हे.

मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठा असतो, म्हणून सभोवतालची हवा तापली की ते अधिक उष्णता शोषून घेते. त्याला घामही मोठ्यांच्या मानाने कमी येतो. शिवाय खेळाच्या भरात तहान लागल्याचे भान त्याला नसते. मोठा माणूस थकला की बसतो. मूल मात्र पडेपर्यंत धावते.

म्हणून खेळाच्या आधी खोलीचा विचार हवा. घरात ठेवले म्हणजे मूल सुरक्षित झाले, ही समजूत पत्र्याच्या घरात खोटी ठरते. भर दुपारी तापलेल्या पत्र्याखालची बंद खोली बाहेरच्या सावलीपेक्षाही गरम होऊ शकते. दाट भिंतींच्या घरात उन्हाकडील खिडक्या दिवसा लावून रात्री उघडाव्यात. पत्र्याच्या खोलीत मात्र समोरासमोरचे दार-खिडकी उघडे ठेवून वारा वाहता ठेवणे हिताचे. पत्र्यावर पांढरा चुना दिला तर ऊन बरेच परतते. तापलेली हवा वर जाते आणि पत्र्याची धगही वरूनच येते. त्यामुळे खोलीतील सर्वांत सुसह्य जागा म्हणजे पुसून घेतलेली फरशी. मुलाचा खेळ खाटेवर वा माळ्यावर न मांडता तेथेच मांडावा. अंगावर एखादे सैल सुती कापड पुरे.

आपल्या जुन्या बैठ्या खेळांची मांडणी पाहिली तर ते जणू याच फरशीसाठी निर्माण झाले आहेत. सागरगोटे, काचा-कवड्या, चिंचोक्यांचा पट, सापशिडी, भातुकली यांपैकी एकाही खेळाला धावावे लागत नाही. धावपळीचे खेळ सकाळी आठ-नऊच्या आत आणि सूर्यास्तानंतर. मधल्या वेळी हे बैठे खेळ, अशी दिवसाची वाटणी केली म्हणजे मुलाचा जीवही रमतो आणि अंगही तापत नाही. घरात कोणी रात्रपाळीचा माणूस झोपलेला असेल, तर या खेळांना आणखी एक मोल येते. ते आवाज न करता खेळता येतात. कुजबुजत खेळण्याचाच खेळ केला, तर मुलांना त्यातही मौज वाटते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मात्र चिंचोके, कवड्या, टिकल्या देऊ नयेत. ती वस्तू प्रथम तोंडात जाते.

मुलाला रमविणे म्हणजे सतत नवे खेळणे पुरविणे, असे पुष्कळांस वाटते. याविषयी गुजरात आणि महाराष्ट्र यांनी मिळून एक मोठा धडा घालून दिलेला आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरास दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गरीब वस्तीतील मुलांसाठी काम आरंभिले. महागड्या साधनांवाचून शंख-शिंपले, खडे, बिया, काड्या यांतूनच त्यांनी बालशिक्षणाची साधने उभी केली. या दोघांच्या कामाचे सार असे की मुलाला करमणुकीपेक्षा काम प्रिय असते. मात्र ते खरे आणि त्याच्या हाताला झेपणारे हवे.

उन्हाळ्याच्या दुपारी ही दृष्टी फार उपयोगी पडते. मुलापुढे दोन वाट्या आणि मिसळलेले तूर-हरभरे ठेवावेत. ते निवडता निवडता अर्धा तास जातो. एका भांड्यातून दुसऱ्यात पेल्याने पाणी ओतणे, ओल्या फडक्याने फरशी पुसणे, भातुकलीतील भांडी धुणे, ही कामे मुलाला आवडतात आणि त्यांत हातपायही गार राहतात. पाण्याजवळ मात्र मोठे माणूस हवेच. वीतभर पाण्याच्या बादलीतही तान्हे मूल बुडू शकते. सुरतेत कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही. त्यांचे रंग लावणे, घड्या घालणे, त्यांची बाहुली करणे यांत आईचे काम आणि मुलाचे काम शेजारी शेजारी चालते. आई लेस लावीत असता मूल तिच्याजवळ बसून चिंध्या जुळवीत असेल, तर ‘बाहेर जा’ म्हणण्याची वेळच येत नाही.

गुजराती घरातील झोपाळा ही अशीच एक शहाणी वस्तू आहे. बसल्या जागी वारा लागतो आणि मन गुंतते. झोपाळा नसेल तेथे गोष्ट आहे. दुपारची गोष्ट लांबट, संथ आणि पुन्हा पुन्हा त्याच ओळी येणारी असावी. ती ऐकता ऐकता मूल झोपी गेले तर उत्तमच. मोबाइल हाती देणे सोपे असते, हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वर्षाच्या आतील मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. दुपार चार-पाच तासांची असते; तिचा भार एकट्या मोबाइलवर टाकता येत नाही.

खेळ चालू असता दर अर्ध्या तासाने पाण्याचा घोट द्यावा. पन्हे, ताक, सुरतेकडील बडीशेपेचे सरबत हेही चालेल. सहा महिन्यांच्या आतील बाळास मात्र वरचे पाणी न देता अंगावर वारंवार पाजावे. मूल एकाएकी मलूल झाले, तोंड कोरडे पडले, बराच वेळ लघवी झाली नाही, तर खेळ थांबवून त्यास गार जागी न्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा समजावा. अंग भाजत असून मूल गुंगीत गेले किंवा झटके आले, तर तोंडात काही न घालता अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून दवाखाना गाठावा.

अखेरीस, हे सारे एकट्या आईवर सोपवून भागणार नाही. ज्या चाळीत दहा घरे पत्र्याची आहेत, तेथे एखादे तरी तळमजल्याचे, पक्क्या छताचे घर असते. जवळपास मंदिराचा सभामंडप असतो. दुपारचे तीन तास अशा एका गार जागी वस्तीतील मुले जमवावीत आणि दोघी-तिघींनी पाळीपाळीने त्यांच्यापाशी बसावे. मागाला जर दिवसपाळी आणि रात्रपाळी असते, तर मुलांच्या दुपारीलाही पाळी लावता येईल. मग कामावरून आलेला माणूस सुखाने झोपेल, लेस लावणारे हात अडणार नाहीत, आणि कडी काढून उन्हात जावे असे मुलाच्या मनातही येणार नाही.