झिजलेल्या बायझंटाईन नाण्यांचे वाचन

जुने नाणे हाती आले की त्यावर राजाचे नाव शोधावयाचे, ही आपली पहिली प्रवृत्ती असते. बायझंटाईन साम्राज्याच्या काशाच्या नाण्यांबाबत ती बहुधा फसते. नाव कडेने लिहिलेले असे. झीज प्रथम तेथेच होते, आणि ठसा चकतीच्या मध्यावर बसला नसेल तर ते मुळात उमटलेलेच नसते. मुखावरूनही ओळख पटत नाही; कारण पुढे पुढे ते व्यक्तिचित्र न राहता सम्राटपदाचे चिन्ह बनत गेले. म्हणून जाणता अभ्यासक नाणे प्रथम उलटतो.

सम्राट अनास्तासियस पहिला याने ४९८ साली काशाच्या चलनाची फेररचना केली. तेव्हापासून मागील बाजूवर मूल्यदर्शक अक्षर भल्या मोठ्या आकारात येऊ लागले. ही ग्रीक अक्षरे अंक म्हणून वाचावयाची : म्यू म्हणजे ४०, काप्पा २०, आयोटा १०, एप्सिलॉन ५. चाळीस नुम्मसांचे नाणे ते फॉलिस. म्यूच्या खाली टाकसाळीच्या नावाची आद्याक्षरे, त्याच्या दोन पायांमध्ये कार्यशाळेचा क्रम. आणि जस्टिनियनच्या बाराव्या राज्यवर्षापासून (५३८-३९) डावीकडे ‘वर्ष’ या अर्थाचा लॅटिन शब्द व उजवीकडे वर्षाचा अंक. नाणे गुळगुळीत झाले तरी तिरप्या प्रकाशात या अक्षराचे खांब बहुधा दिसतात. अलेक्झांड्रियाचे १२ नुम्मसांचे नाणे तर आयोटा-बीटा या जोडीवरूनच वेगळे पडते.

कित्येकदा लेख शाबूत असूनही निरुपयोगी असतो. ५२८ च्या भूकंपानंतर थिऊपोलिस म्हणविल्या गेलेल्या अँटिऑकच्या टाकसाळीत, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ठसे कोरणाऱ्यांनी सम्राटाच्या नावाऐवजी अक्षरांसारख्या निरर्थक आकृतींची रांग काढलेली आढळते. अशा लेखातून ओढूनताणून नाव काढणे व्यर्थ होय. तेथे वेषभूषा पाहावी : टिबेरियस दुसरा याच्या मुकुटावर क्रॉस, तर मॉरिसच्या मुकुटावर त्रिदल अलंकार असतो.

खरी कसोटी लागते ती हेराक्लियसच्या (६१०-६४१) नाण्यांपाशी. इराणशी चाललेल्या दीर्घ युद्धात खजिना रिता झाला होता. फॉलिसचे वजन सुमारे ११ ग्रॅमवरून कारकिर्दीच्या अखेरीस ५ ग्रॅमच्या आसपास उतरले. नवी चकती ओतण्याऐवजी जुने नाणेच, कधी तुकडे करून, पुन्हा ठशाखाली ठेवले जाई. परिणामी एकाच पृष्ठावर दोन राजवटी एकमेकींत मिसळतात. सम्राटाच्या खांद्यावर उलटे अक्षर उमटते, पुत्राच्या पायाशी दुसऱ्याच कोणाचा मुकुट दिसतो. नवशिका याला विद्रूपता समजतो आणि आम्ल लावून नाणे ‘स्वच्छ’ करू लागतो. त्यात नेमका खालचा, अस्पष्ट थर नाहीसा होतो. वास्तविक तोच मोलाचा. हेराक्लियसच्या म्यूखाली चार गुणाकारचिन्हांसारख्या रेघा दिसल्या, तर त्या रोमन पद्धतीने लिहिलेल्या चाळीसच्या होत. आणि कॉन्स्टँटिनोपलच्या फॉलिसवर चाळीस असा लिहिण्याची रीत फोकासची (६०२-६१०). हेराक्लियसने त्याला पदच्युत करून ठार केले होते. नाणे फिरवीत राहावे, खालचा व वरचा ठसा वेगवेगळ्या कागदांवर रेखाटावा, आणि मगच मत द्यावे.

हा पुरावा आपल्याला अपरिचित नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. कोण आधी, कोण नंतर, हे त्या दुहेरी ठशांनीच सांगितले.

बायझंटाईन नाण्यांत या पद्धतीचे सर्वांत मोठे यश म्हणजे निनावी फॉलिसांचा क्रम. जॉन त्झिमिस्केस (९६९-९७६) याच्यापासून १०९२ च्या चलनसुधारणेपर्यंत या नाण्यांवर सम्राटाचे नावच नाही. एका बाजूस ख्रिस्ताची प्रतिमा, दुसरीकडे बहुधा ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’ अशा अर्थाचा लेख किंवा क्रॉस. नाव नाही, वर्ष नाही, टाकसाळही नाही. अथेन्सच्या अगोरातील उत्खननात मिळालेल्या नाण्यांवर आधारलेले मार्गारेट थॉम्प्सन यांचे १९५४ चे वर्गीकरण अभ्यासक आजही आधाराला घेतात. कोणत्या वर्गाचा ठसा कोणत्या वर्गावर बसला आहे, हे पाहूनच या वर्गांचा पूर्वापरक्रम लागला; आणि हे पुरावे मुख्यतः, संग्राहक ज्यांना हात लावीत नसत, अशा ओबडधोबड नाण्यांनी पुरविले.