सोमलाची मात्रा

पोथीत अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळ हे पिवळे खनिज फाशीत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आले. दुकाने बंद पाडणारा हरताळ निराळा. हरताळ, मनशीळ आणि सोमल ही तिन्ही आर्सेनिकची रूपे. त्यातला सोमल म्हणजे जुन्या कथांतले हमखास विष.

याच सोमलाने रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे भवितव्य पालटले. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हे त्याचे नाव. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ साली तीन रुग्णांवरून त्याचे वर्णन केले, तेव्हा काही आठवड्यांत मृत्यू हेच त्याचे लक्षण होते.

धरमपेठेत आमच्या शेजारच्या मुलीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, दंडावर निळे डाग उमटले. दातांचेच दुखणे समजून तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. रक्ताचा अहवाल ती गेल्यावर हाती आला. मी डॉक्टर नाही; त्यानंतर वाचत गेलो, इतकेच.

या रोगात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होते. त्यामुळे पांढऱ्या पेशी अर्धवट वयातच अडकतात आणि रक्त गोठण्याची व्यवस्थाही बिघडवतात. १९७० च्या दशकात चीनमधील हार्बिनच्या डॉक्टरांनी सोमलाचे द्रावण शिरेतून दिले. पुढे शांघायच्या वांग झेन्यी यांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे ट्रेटिनॉइन वापरले. ट्रेटिनॉइन अडकलेल्या पेशींना वयात आणते, सोमल ते जोडप्रथिनच मोडतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ ते २००४ या काळात ७२ नव्या रुग्णांना प्रामुख्याने एकट्या सोमलावर ठेवले. ८६ टक्क्यांचा रोग आटोक्यात आला. आपल्याकडच्या खिशाचा विचार करता मला हे काम फार मोलाचे वाटते. २०१३ साली इटली-जर्मनीतील चाचणीत, कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत, दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर दोन वर्षांनी ९७ टक्के जण रोग न उलटता हयात होते. तेही नेहमीच्या केमोथेरपीशिवाय.

मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ०.१५ मिलिग्रॅम. तीही हृदयाचा आलेख पाहत, रुग्णालयातच. पुडीतला सोमल आजही विषच आहे.

धोका पहिल्या दिवसांतला. म्हणून नुसता संशय आला तरी जनुकीय तपासणीची वाट न पाहता ट्रेटिनॉइन सुरू करतात, प्लेटलेट चढवतात. कारणाशिवाय हिरड्यांतून रक्त आणि अंगावर निळे डाग एकत्र दिसले, तर साधी रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.