सरावलीचे कलाघर कोणाचे असावे?

तारापूर म्हटले की 1969 पासून वीज देणारे अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहत आठवते. बोईसरला लागून असलेल्या सरावलीवरही या कारखानदारीचीच छाप आहे. पण हाच पालघर जिल्हा वारली चित्रकलेचे माहेर आहे. त्यामुळे इथे लोककलेचे सार्वजनिक केंद्र असावे, याबद्दल फारसा वाद होणार नाही. ते कोणाच्या हाती असावे, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ते चित्रविक्रीचे दालन नसावे. घरातल्या सर्वांनी मिळून काम करण्याची ती जागा असावी.

यामागचे कारण कलेच्या घडणीतच आहे. वारली लग्नघरात शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चेचलेल्या टोकाची बांबूची काडी हीच त्यांची लेखणी. मधोमध पालघट देवी असते आणि लग्नाची गाणी धवलेरी म्हणते. म्हणजे चित्र, गाणे आणि विधी यांचा धागा स्त्रियांच्या हाती होता. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणला आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा जगापुढे आली. त्यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाली. सदाशिव आणि बाळू या मुलांनी तो वारसा पुढे नेला. हे यश मोठेच आहे. मात्र कागदावर पुरुषांची नावे आली आणि चौक लिहिणाऱ्या बहुतेक जणी अनामिकच राहिल्या. हा दोष कागदाचा म्हणावा, तर बिहारमधला अनुभव वेगळा आहे. 1960च्या दशकातल्या दुष्काळात हेच कुलकर्णी मिथिलेत गेले होते. तिथे कागद थेट स्त्रियांच्या हाती पडला आणि 1975मध्ये तिथल्या चित्रकार जगदंबा देवी पद्मश्री झाल्या. संधी कोणाच्या दारात पोहोचते, यावर पुढचे सारे ठरते.

विधी घराबाहेर आणला की त्याचा देखावा होतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणून लग्नचौक लग्नघरीच राहावा. केंद्रात सारवलेली एक भिंत असावी, कारण सिमेंटच्या खोल्यांत ती उरत नाही. तिथे आजीने नातीला रेघ शिकवावी, आजोबांनी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान जुळवून तारपा हे वाद्य करून दाखवावे. गाणी ध्वनिमुद्रित करायची की नाही, हे धवलेरींनीच ठरवावे आणि शिकवणाऱ्या प्रत्येकीला मानधन मिळावे. दुसरा आक्षेप पैशाचा: पाणी आणि प्रदूषणाचे प्रश्न समोर असताना कलेवर खर्च का? त्या प्रश्नांचा निधी इकडे वळवावा, असे कोणीच म्हणणार नाही. 2013च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि पारंपरिक कलांचे संवर्धन हे त्यातले मान्य काम आहे. शिवाय वारली चित्रांना 2014मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा लाभ घ्यायचा, तर नोंदणी, किंमत आणि हक्क समजावून सांगणारी जागा लागेलच.

तारापूरच्या उद्योगांनी आणि परिसरातल्या ग्रामपंचायतींनी यासाठी एकत्र बसावे. मात्र इमारतीचा नकाशा काढण्याआधी त्यांनी पाड्यांवरच्या सवाशिणींना आणि धवलेरींना बोलवावे आणि कारभारी मंडळात निम्म्या जागा त्यांना द्याव्यात.